उठायची रीत

झुंबरबाईनं पायानं प्लास्टिकची खुर्ची बाजूला सारली आणि समाजमंदिराच्या फरशीवर मांडी घालून बसली.

"आजी, वर बसा ना," अनुपमा म्हणाली. तिच्या संस्थेनं पुण्यातले दहा म्हातारे साखरखेर्ड्याला आणले होते. त्यांनी गावाकडून शिकायचं, गावानं त्यांच्याकडून. आज शिकवायची पाळी पुण्याची. धडा होता, म्हातारपणी पडणं कसं टाळायचं. "या वयात जमिनीवर बसूच नये."

"खुर्चीत बसून बसून जमीन इसरते माणूस," झुंबरबाई म्हणाली. हलली नाही.

दाराशी तिचा लेक उकंडराव उभा होता, मेहकरहून मुद्दाम आलेला. दिवाळीतच त्यानं बजावलं होतं, "माय, एकदा जरी पडली तं घराले कुलूप. माह्यापाशी राह्यचं." त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिथं झुंबरबाई आठ दिवस राहून आली होती. आठ दिवस खिडकीतून एसट्या मोजल्या, बस.

पुण्याच्या शालूबाई हळूच बोलल्या, "मी पडले होते. बाथरूममध्ये. लागलं काहीच नाही, पण उठताच येईना. सकाळी सातपासून तशीच. बाराला कामवाली आली तेव्हा..."

अनुपमानं तक्ता उलटला. त्यावर भिंतीला लावायच्या दांड्याचं चित्र होतं.

"अन् उठायचं कसं, थे नाही शिकोलं कोनी?" झुंबरबाईनं शालूबाईंना विचारलं.

"नाही."

झुंबरबाईनं दाराकडं पाहिलं. लेक तिच्याकडंच बघत होता. तिनं पदर खोचला आणि सरळ फरशीवर आडवी झाली.

"पाह्य बाई. पडल्याबरोबर धडपडू नको. दम घे. मंग कुशीवर हो. हात टेकव, गुडघ्यावर ये." ती रांगत मघाच्याच खुर्चीपाशी गेली, दोन्ही हात तिच्यावर रोवले. "आता चांगला पाय पुढं. अन् वर! खुर्ची याच्यासाठी असते."

हसू फुटलं, टाळ्या पडल्या. उकंडरावनं टाळी वाजवली नाही.

"माय, तुले हे कसं ठाऊक?"

"तीन डाव पडली. एक डाव गोठ्यात, दोन डाव न्हाणीत. तिन्ही डाव उठली."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू कुलूप घिऊन आला असता. आज सांगतलं. आन आता कुलूप."

उकंडरावनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात शालूबाई खुर्चीवरून उतरल्या, साडी लुगड्यासारखी आवरून आडव्या झाल्या. कुशीवर वळल्या. गुडघ्यांवर आल्या, खुर्चीवर हात रोवले आणि तिथंच अडकल्या. खुर्ची त्यांच्या हाताखाली डुगडुगायला लागली.

अनुपमा धावली.

"हात नको!" शालूबाई ओरडल्याच.

उकंडराव कधी पुढं आला कळलं नाही. जाडजूड माणूस, कण्हत फरशीवर बसला आणि खुर्चीचे पाय दोन्ही हातांनी दाबून धरले. मग एक हात सोडून शालूबाईंच्या दंडाकडं नेला.

"उकंड्या," झुंबरबाई वरून म्हणाली, "खुर्ची धर. तिले नको धरू."