बर्फातली आणि बाहेरची

यंदा भिंतींवर हिरवे, घाण वासाचे किडे फार झाले आहेत. आमच्या उओनुमात म्हणतात, किडे फार तर बर्फही फार. म्हणूनच साके ही तांदळाची दारू गाळणाऱ्या हात्सुएबाईंना बर्फाआधी ठरवायची घाई झाली असावी.

त्यांनी चव घ्यायला बोलावलं तेव्हा जावंसं वाटेना. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला मी. साकेतलं जे कळतं त्यातलं निम्मं पुस्तकांतलं. पण त्यांचे यजमान कोइचिरो दर वर्षी बर्फघर, म्हणजे हिवाळ्यात बर्फ भरून गार ठेवलेलं साकेचं कोठार, उघडलं की पहिला प्याला मलाच देत. या वसंतात ते गेले. त्याआधी शेवटचा बर्फ त्यांनीच आत लोटला होता. एकाच टाकीतली साके, अर्धी त्या बर्फात मुरलेली, अर्धी साध्या कोठारात. मला फरक कळला तरच बर्फघर चालू ठेवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. त्यांची कंबर गेलेली. कारागीर तोकुजी माझ्याच वर्गातला, म्हणजे तोही तितकाच म्हातारा.

"काय रे मास्तर, सकाळी आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो हादडून नाही ना आलास?" तोकुजीने विचारलं. "का वास पुस्तकात वाचून सांगणार?"

बुडाशी निळी वर्तुळं असलेले दोन पांढरे प्याले समोर होते. गारव्याने जीभ फसते, म्हणून दोन्ही तळहातांत धरून त्यांचा गारवा जरा जाऊ दिला. पहिलीत तांदळाचा वास होता, घशाशी किंचित खरखर. दुसरी जिभेवर आली तेव्हा काहीच वाटलं नाही. मग हळूहळू गोडी पसरली, कुठेही टोचली नाही. दोन्ही बादलीत थुंकलो. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा घेतल्या.

मान वर केली तर बाई बर्फघराच्या दाराकडे बघत होत्या. फरक नाही म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. पण मग कोइचिरोंनी इतके हिवाळे पाठ मोडून घेतली ती कशासाठी?

"फरक आहे," मी म्हटलं. "दुसरी बर्फातली. फार चांगली झालीय."

तोकुजीने प्याला उचलून खालची खूण पाहिली आणि होकारार्थी मान हलवली. बाई रिकाम्या खोक्यावर बसल्या.

"म्हणजे यंदाही बर्फ लोटायचा," त्या म्हणाल्या.

तोकुजी गुडघा चोळत राहिला. एरवी मी एवढ्यावर गप्प बसलो असतो.

"चांगली आहे म्हणून पुढेही करायलाच हवी, असं कुठे आहे?" मी म्हटलं. "त्यांनी केली, चांगली केली. आता राहू द्या, बाई."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?" तोकुजीने हळूच विचारलं.

"कुठल्याच नाही."

बाईंनी दुसरा प्याला उचलला. त्या थुंकल्या नाहीत, सगळा प्यायल्या. मग तोकुजीला म्हणाल्या, बर्फाची फावडी यंदा काढू नका. त्यांनी आमचेही प्याले भरले. ते संपल्यावरही बराच वेळ कोणाच्याने उठवेना.