झाकणताई

वस्तीत तिला सगळे झाकणताई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग हळूहळू तोंडावरही म्हणू लागले. कारण तिच्या काखेत कायम एक लोखंडी झाकण असायचं. गोल, मोठ्या परातीएवढं, आणि त्यावर तिनेच पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'झाकण लावा, ताप टाळा'. दर मंगळवारी ती आरोग्य केंद्रातून निघायची. खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याचं पांढरं ओगराळं आणि काखेत हे झाकण. दारोदार जाऊन पिंपं बघायची, ओगराळ्याने पाणी काढून त्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, कुणाला ताप असेल तर बोट टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि निघताना झाकण दाखवून भाषण ठोकायचं. भाषण एव्हाना वस्तीला पाठ झालं होतं. "ताई, हे झाकण आमच्या एकाही पिंपाला बसत नाही, मग हे आहे तरी कशाचं?" असं बायका चेष्टेने विचारायच्या. "दाखवायचं आहे गं ते," असं म्हणून ताई पुढच्या दाराकडे वळायची.

पाहणी झाली की दारावर खडूने खूण करायची. सगळं ठीक असेल तर पांढरी रेघ. अळ्या सापडल्या किंवा घरात मलेरिया निघाला तर लाल फुली. तीन लाल फुल्या झाल्या की त्या घराचा नळ पंधरा दिवस बंद. हा नियम केंद्राच्या नव्या साहेबांचा. ज्याला ताप आला त्याचंच पाणी तोडायचं, म्हणजे आजारीही त्यानेच पडायचं आणि शिक्षाही त्यानेच भोगायची. असला नियम ज्याच्या डोक्यातून निघतो त्याचं डोकं एकदा त्याच पट्टीवर तपासून घ्यायला हवं. नियमाचा परिणाम व्हायचा तोच झाला. लोक ताप लपवू लागले. अंगात कापरं भरलेली माणसं दारात येऊन "आमच्याकडे सगळं छान" असं सांगू लागली, आणि कागदावर वस्तीतला मलेरिया कमी होऊ लागला.

ताईला हे पटत नव्हतं. पण फुल्या तिनेच मारल्या. काम म्हणजे काम, असं ती स्वतःला सांगायची. आणि खरं सांगायचं तर त्या खडूची तिला थोडी सवयही झाली होती. लाल खडू हातात असला की माणसं नीट उत्तरं देतात.

शिंपिणीचं घर आरोग्य केंद्राच्या मागच्या भिंतीला चिकटून होतं. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, आणि खिडकीतून दिसणार ती केंद्राची भिंत. शिंपिणीला सातवा महिना होता. आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पदरी काही पडलं नव्हतं. यावेळी सासू तिला हंडाही उचलू देत नव्हती. पण गेल्या दोन महिन्यांत तिला दोनदा मलेरिया झाला होता आणि दारावर दोन लाल फुल्या होत्या.

त्या मंगळवारी दार सासूने उघडलं. "या. बघा काय बघायचंय ते. पिंप कालच घासून उपडं घातलंय, हंडे पालथे आहेत. आता मलाही उलटी करून झटका, म्हणजे तुमच्या मनात शंका नको."

आतून मशीनचा आवाज येत नव्हता. शिंपीण जमिनीवर दोन गोधड्या घेऊन पडली होती आणि तिचे दात वाजत होते. ताईने तिचं बोट टोचलं, पट्टीवर थेंब टाकला आणि पट्टी मशीनच्या फळीवर ठेवली. निकाल यायला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत ताईने अख्खं घर पालथं घातलं. मोरी पाहिली, दाराबाहेरची कुंडी पाहिली, छपरावर टाकलेला जुना डबा पाहिला, इस्त्रीसाठी पाणी शिंपडायच्या बाटलीचं टोपणसुद्धा उघडून पाहिलं. दोनशे बारा घरांच्या यादीत इतकं कोरडं घर दुसरं नव्हतं.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे मलेरियाच.

"ताई," शिंपीण गोधडीतून म्हणाली, "मी तुला दोनदा सांगितलं होतं. डास वरून येतात. संध्याकाळी खिडकीत शिवायला बसले की वरून खाली उतरतात. तुमच्या केंद्राकडून."

"सांगितलं होतंस."

"मग तू काय म्हणालीस?"

ताईला आठवत होतं. 'डास काय जिना उतरून येतात का गं?' असं ती म्हणाली होती आणि बाहेर उभ्या असलेल्या बायका खो खो हसल्या होत्या. तीही हसली होती.

तिने चिठ्ठी लिहून सासूच्या हातात दिली. "गाडी करा आणि हिला मोठ्या इस्पितळात न्या. आत्ताच्या आत्ता. चहासुद्धा करत बसू नका."

"आणि फुली?"

"फुलीचं मी बघते."

"बघाच," सासू म्हणाली. "पोटातलं वाचलं तर त्याला अंघोळीला पाणी लागेल म्हटलं."

केंद्रात साहेब अहवाल लिहीत होते. टेबलावर काचेच्या बरणीत गप्पी मासे फिरत होते. हे मासे अळ्या खातात. साहेबांनी ते पाहुण्यांना दाखवायला ठेवले होते.

"शिंपिणीकडे तिसरी मारलीत ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "नळ बंद करायचं पत्र मी सकाळीच पाठवलंय."

"पाहणीच्या आधीच?"

"ताप आहे हे कळलं होतं. उगाच वेळ कशाला घालवायचा?"

"साहेब, त्या घरात थेंबभर पाणी साठलेलं नाही. मी सगळं पाहिलं."

"मग डास येतात कुठून? आभाळातून पडतात?"

ताईला गोधडीतून आलेलं ते बोलणं आठवलं. वरून, असंच म्हणत होती ना शिंपीण? तिने हळूच विचारलं, "साहेब, आपल्या इमारतीची पाहणी कोण करतं?"

"आपली?" साहेबांनी आता मान वर केली. "आपल्याला घर नंबर कुठे आहे? नंबर आपण देतो. यादी घरांची आहे, ऑफिसची नाही."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर ताईलाही ते बरोबर वाटलं. चार वर्षं ती यादी तिच्याच पिशवीत होती. एक ते दोनशे बारा. दर मंगळवारी ज्या दारातून ती बाहेर पडायची, ते दार त्या यादीत नव्हतं आणि हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ती मागच्या अंगणात गेली. झाकण लोखंडी शिडीच्या पायथ्याशी भिंतीला टेकवलं, ओगराळं कमरेला खोचलं आणि वर चढली. गच्चीवर सिमेंटची टाकी होती. टाकीचं गोल तोंड सताड उघडं होतं. आत पाणी कसं, आरशासारखं स्वच्छ. तिने ओगराळं बुडवून वर काढलं आणि उन्हात धरलं.

वस्तीतल्या पिंपांत ज्या अळ्या सापडायच्या त्या पाण्यात डोकं खाली करून लोंबायच्या. या लोंबत नव्हत्या. पाण्यावर आडव्या पडून होत्या, बारीक काड्यांसारख्या. मलेरियाच्या डासाची अळी अशी आडवी असते, हे तिला कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि तिने ते सगळ्या वस्तीला शिकवलं होतं. एका ओगराळ्यात तिने तीसपर्यंत मोजल्या, मग मोजायचं सोडून दिलं. कठड्यावरून वाकून पाहिलं तर बरोबर खाली शिंपिणीची खिडकी होती. खिडकीत मशीन दिसत होतं, सुईखाली अर्धवट शिवलेलं एक छोटंसं अंगडं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पत्रांवर पत्रं लिहितो हा माणूस, लोकांची पिंपं ओतायला लावतो, त्यांच्या दारावर लाल फुल्या मारायला लावतो, आणि स्वतःच्या डोक्यावर हे? या टाकीला झाकण का नाही? होतं ना? गेलं कुठे? कुठल्या अकलेच्या कांद्याने काढलं?

तिने रागाने खाली अंगणात पाहिलं. शिडीच्या पायथ्याशी झाकण ऊन खात होतं. 'झाकण लावा, ताप टाळा'. गोल, लोखंडी, मोठ्या परातीएवढं. टाकीच्या तोंडाएवढंच.

चार महिन्यांपूर्वी वरून पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले होते, लोकांना दाखवायला काहीतरी हातात असू द्या. आणि ताई, हुशार ताई, स्वतःच्या पायांनी शिडी चढून हे झाकण खाली घेऊन आली होती. घासलं, रंगवलं, अक्षरं काढली. दोन दिवसांत परत ठेवू, असं म्हणाली होती. पाहुण्यांनी कौतुक केलं, फोटो काढला, आणि झाकण तिच्या काखेतच राहिलं. चार महिने ती ते दारोदार मिरवत होती, आणि इकडे वर टाकी उघडी होती.

ती कठड्याला धरून थोडा वेळ बसली. कुणाला शिव्या घालाव्यात तेच तिला कळेना. घातल्या त्या स्वतःलाच.

मग ती उठली. ओगराळं न सांडता शिडी उतरणं सोपं नाही, पण ती उतरली. सरळ आत जाऊन तिने ओगराळं साहेबांच्या अहवालावर ठेवलं. पाणी हिंदकळून शाई फुटली.

"हे काय?"

"आपल्या टाकीतलं आहे. आडव्या अळ्या. बघा, नीट बघा."

साहेबांनी पाहिलं. त्यांना कळलं, कारण अडाणी ते नव्हतेच. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. "झाकण ठेवून या वर. औषध टाका. आणि ओरडू नका."

"आणि शिंपिणीचा नळ?"

"पत्र गेलंय आता. मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागेल. कारण काय लिहू?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, झाकण कुणी काढलं होतं ते लक्षात आहे ना तुमच्या? माझ्यावर आलं तर तुमच्यावरही येईल."

"येऊ द्या!" ताई इतक्या जोरात ओरडली की बाहेर औषधाच्या रांगेतली माणसं दाराकडे वळली. "माझ्यावरच येऊ द्या! तिकडे ती पोरगी सातव्या महिन्यात थंडीने कापतेय, आणि तुम्हाला कारण सापडत नाही? मी सांगते ना कारण. लिहा, आमच्या टाकीने तिला आजारी पाडलं. लिहा, आमच्या ताईने झाकण काढलं आणि आमच्या साहेबांनी विचारलं नाही. लिहिता का मी लिहू?"

ताईने पिशवीतून यादी काढली आणि शेवटच्या ओळीखाली पेनाने लिहिलं, दोनशे तेरा, आरोग्य केंद्र. मग माशांची बरणी उचलली, दार उघडलं, आणि रांगेतल्या सगळ्या माणसांदेखत केंद्राच्या दारावर लाल खडूने एवढी मोठी फुली मारली. खडू तुटला. उरलेल्या तुकड्याने तिने आणखी दोन मारल्या.

"तीन झाल्या," ती रांगेला म्हणाली. "आता यांचा नळ कोण बंद करतंय ते बघू."

गच्चीवर जाऊन तिने मासे टाकीत सोडले आणि झाकण तोंडावर ठेवलं. ते खण्णकन बसलं. वस्तीतल्या एकाही पिंपाला न बसलेलं झाकण इथे बोटभरही हललं नाही.

खाली आली तेव्हा पत्र मागे घेतल्याचा कागद टेबलावर तयार होता. कारणाच्या जागी 'तांत्रिक चूक' असं लिहिलं होतं. ताईने तो कागद घेतला, 'तांत्रिक' शब्द खोडला आणि 'आमची' असं लिहिलं. साहेबांनी सही केली. रांग दारात उभी राहून बघत होती, न करून सांगतात कुणाला?

इस्पितळात शिंपिणीला बाटली लावली होती. सासू पायाशी बसली होती. "बाळाचे ठोके आहेत," ती ताईकडे न बघताच म्हणाली. "दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले."

शिंपिणीने डोळे उघडले. "सापडलं?"

"सापडलं. आमच्या टाकीत. वरूनच येत होते. तू म्हणत होतीस तसं."

"टाकीला झाकण नव्हतं?"

"नव्हतं."

"कुणी काढलं?"

साहेबांचं नाव ताईच्या जिभेवर आलं होतं. तेही खोटं ठरलं नसतं. "मी," ती म्हणाली. "मी फिरवते तेच ते झाकण."

सासू उठून उभी राहिली. शिंपिणीने हात करून तिला खाली बसवलं. मग तिने ताईच्या रिकाम्या काखेकडे पाहिलं.

"दारावरच्या फुल्या..."

"आत्ता जाऊन पुसते गं. घरी जायच्या आधी."

"नको." शिंपिणीचा आवाज अगदी बारीक होता, पण त्यात दया नव्हती. "मी घरी येते तोवर राहू दे. मग पूस. मी दारात बसेन, सगळ्या बायकांना बोलावून घेईन. त्यांच्यासमोर पूस. आणि तेव्हा म्हण बरं, डास काय जिना उतरून येतात का."