एका नंबरावरच्या सव्वीस बाया

हर्षाने कॉम्प्युटरचा पडदा गिरजाबाईकडे वळवला. सव्वीस नावांच्या जागी एकच ओळ उरली होती: रंजीता.

"बाकीच्या कुठी गेल्या?" गिरजाबाईने विचारलं.

हर्षा पडद्यावर खाली-वर ओळी शोधत राहिली.

देशी धानाच्या बियाण्याचं हे केंद्र गिरजाबाईने बावीस वर्षं सांभाळलं. हिवाळ्यात प्रत्येकीने आपलं बियाणं आणून ठेवायचं, पेरणीआधी आपलंच परत न्यायचं, जास्तीचं केंद्राने विकायचं. एकीचं दुसरीला चालत नसे. तळ्याखालच्या बांधीला, म्हणजे ओलाव्याच्या धानशेताला, उशिराचं धान लागे, उंचावरच्या बांधीला लवकरचं. पूर्वी पोत्यावर गिरजाबाईच्या हातची चिठ्ठी असे. यंदा ब्रह्मपुरीला शिकून आलेल्या हर्षाने नावं कॉम्प्युटरात भरली, पोत्यांवर नुसते आकडे चिकटवले; कोणता आकडा कुणाचा, ते कॉम्प्युटरातच. चिठ्ठ्या गिरजाबाईनेच चुलीत घातल्या. आणि बाया उद्या येणार होत्या.

"बाई, तुमी प्रत्येकीचा मोबाइल नंबर कोनता सांगितला?"

"माझाच. कोनाजवळ फोन नाई, कोनाचा नवरा मिरची तोडाले तेलंगणात घेऊन गेला. मंग कोनाचा सांगू?"

"मी कॉम्प्युटरले नंबरावरूनच बाई वळखाले लावलं होतं. तोच नंबर आला की त्याले वाटे, बाई तीच, नाव बदललं. मांगचं पुसून नवं लिहीत गेलं."

पंचवीस बाया, तिच्या एका नंबराखाली पुसल्या गेल्या होत्या.

सकाळी तिने बायांना सगळं सांगितलं. मग रंजीता म्हणाली, "म्हंजे काल साऱ्या गावाचं बियानं माझंच होतं. विकूनच टाकली असती पोती."

ललिताने पहिलं पोतं उघडलं, मूठभर धान तळहातावर पसरलं, एक दाणा दाताखाली फोडला. "माझं नाई." तिसऱ्या पोत्याशी ती थांबली. तशाच एकेक जणी आपापलं ओढून नेऊ लागल्या. हर्षा नव्याने लिहीत होती. या वेळी प्रत्येक बाईला वेगळा क्रमांक.

"फोन?"

"नसंल तर रिकामं ठेव. माझा टाकू नोको."

दुपारी दोन पोती उरली. एक गिरजाबाईचं, दुसरं लेकीकडे वडशाला गेलेल्या सुकरीचं. दोन्हींत एकाच जातीचं धान, लुचई. गिरजाबाईने दाणे चोळले, हुंगले, उन्हात धरले. कुणाच्या सासूने कोणतं बी कुठून आणलं, हे ती अजून घडाघडा सांगे. पण चाळीस वर्षं पेरलेलं स्वतःचं बी तिला ओळखता येईना. तिचा हात पोत्यातच राहिला.

"काऊन बाई, तुमचंच नाई वळखत?" हर्षाने हळूच विचारलं.

गिरजाबाईने एक मूठ पदराच्या उजव्या टोकाला बांधली, एक डाव्या.

"उजवं सात नंबराचं. कागदावर लिहून दे मले," ती म्हणाली, आणि वडशाची जीप धरायला निघाली.