तांडेलाची दाढ

आमच्या मूलाबो बंदरात, बुस्तामीच्या हॉटेलात, कॉफीचा पेला बशीवर पालथा येतो. काठाखाली नळी घालायची, हळूच फुंकायचं, थोडी कॉफी बशीत उतरली की ओढायची. मग परत फुंकायचं. आम्ही दर्यावरची माणसं एक पेला सकाळपासून दुपारपर्यंत पुरवतो. मध्येच उठायची वेळ आली तर पेला तसाच पालथा ठेवून जायचं. पालथा पेला म्हणजे मालक परत येतोय. इथला माणूस एक वेळ दुसऱ्याचं जाळं पळवेल, पण पालथ्या पेल्याला हात लावणार नाही.

हे बुस्तामीच्या पोराला, इरवानला, जन्मापासून ठाऊक. पण तो मेदान शहरात शिकून आला आणि त्याला बापाच्या हॉटेलाची लाज वाटायला लागली. बाकडी काढायची, काचेचं दार लावायचं, आत गार हवा सोडायची. बाप म्हणायचा, मी मेल्यावर कर. पोरगा म्हणायचा, तोवर गिऱ्हाईक मरेल. त्यात त्याचं अगदीच खोटं नव्हतं, आमच्यातले दोघे त्याच वर्षी गेले होते.

एक दिवस इरवान एका डच माणसाला घेऊन आला. योरिस नाव. देशोदेशी हिंडायचं, कॉफी चाखायची आणि ती कशी लागली ते लिहायचं, हा त्याचा धंदा. ते वाचून म्हणे लोक विमानं पकडतात. राज्य करायला आलेल्या यांच्या पणजोबांना माझ्या पणजोबाने तलवारीने पळवलं, आणि हा खिशात चमचा घालून परत आला.

इरवान सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, या साहेबांना तुमची कॉफी आवडली तर मी एका बाकड्याला हात लावणार नाही. नाही आवडली तर उद्या सुतार बोलावतो. कबूल?"

"कबूल," बुस्तामी म्हणाला.

पेला आला. साहेबाला वाटलं, वाढणाऱ्याच्या हातून उलटा पडला. त्याने चांगुलपणानं तो सरळ केला, आणि उकळती कॉफी त्याच्या पांढऱ्या विजारीवर. दुसरा पेला आणला. या खेपेला त्याने बशीतून चमचाभर घेतली, असा भुरका मारला की रस्त्यावरचं कुत्रं उठलं, आणि तोंडात खळखळवून पिचकन् कागदी कपात थुंकला.

बुस्तामीच्या बापाच्या काळापासून त्या हॉटेलात कुणी कॉफी थुंकली नव्हती.

"तज्ज्ञ थुंकतातच, आबा," इरवान म्हणाला. "साहेब म्हणतात, जळकी आहे. खरखरीत. काही उठाव नाही."

बुस्तामी आत गेला आणि चुलीकडे तोंड करून बसला. तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली, तांडेल, तुमच्या होडीच्या पंख्यात जाळं गुंतलं. मी खिडकीशी माझा अर्धा पेला तसाच पालथा ठेवला आणि पळालो.

परत येऊन बघतो तर साहेब माझ्या जागेवर! खिडकीशी उजेड चांगला, फोटो छान येतात म्हणून. बरं, नुसता बसला असता तरी चाललं असतं. माझी नळी त्याच्या तोंडात, माझा पेला त्याच्यापुढे, आणि इरवान दाराशी फोनवर. साहेबाला वाटलं, यजमानाने खास त्याच्यासाठी मुरवून ठेवलीय. आणि या वेळी तो थुंकत नव्हता. डोळे मिटून गिळत होता.

"ओह!" तो म्हणाला, आणि भडाभडा बोलत सुटला. इरवान धावत आला.

"साहेब म्हणतात, ही निराळीच आहे! आधी लवंग लागते. मग खारा वारा. आणि शेवटी, अगदी तळाशी, ओल्या जुन्या लाकडाचा वास."

मी दारातच थिजलो. लवंग माझ्या सिगरेटीतली. खारटपणा माझ्या मिशीचा. आणि ओलं जुनं लाकूड म्हणजे माझी डावी दाढ, गेली कित्येक वर्षं सडतेय.

बाकड्यावरचा सफवान म्हातारा तोंडात रुमाल कोंबून हलत होता. बुस्तामी बाहेर आला, पेला बघितला, मला बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"साहेबांना अजून एक हवीय," इरवान म्हणाला. "अगदी अशीच."

"तांडेल," बुस्तामी गरीब आवाजात म्हणाला, "जरा आत येता का?"

चुलीपाशी त्याने माझ्या हातात नवा पेला दिला. "निम्मी प्या. बाकीची तशीच ठेवा."

"अरे, पाहुण्याला उष्टं घालायचं? वरती काय तोंड दाखवू?"

"त्याने आपणहून खाल्लं ते पाप त्याचं. आता माझी बाकडी वाचवा हो!"

मी लवंगी सिगरेट पेटवली, नळी तोंडात धरली, फुंकलं, ओढलं, फुंकलं. आणि मागे इरवान उभा. त्याने नळी बघितली, पेला बघितला. मेदानला शिकलेला पोरगा, कळायला वेळ लागला नाही. तोंड पांढरं पडलं.

"जा, सांग त्याला," मी म्हटलं. "सांग की तुमच्या त्या मोठ्या जिभेला सगळ्यात गोड काय लागलं, तर तांडेलाचं उष्टं. मग तो तुझ्याबद्दल काय लिहितो ते बघू."

इरवानने बाहेर डोकावून पाहिलं. साहेब आमच्या बाकड्याचे फोटो काढत होता, हात फिरवून फिरवून.

"काका," इरवान हळूच म्हणाला, "ते शेवटचं, लाकडाचं, त्यावर त्यांचा जास्त जीव आहे. जरा डावीकडून फुंका."

बाकडी आहेत तिथेच आहेत. आता पाहुणे दूरदूरून येतात, खिडकीशी बसून तीच मागतात. दाताचा डॉक्टर म्हणतो, तांडेल, ती दाढ काढू या. मी कधीचा तयार आहे. बुस्तामी काढू देत नाही.