दोन बोटांचा उंबरा

पारिसाआण्णांना भरमू सुतारानं पांगुळगाडा करून दिला तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. मूल पाऊल टाकायला शिकतं तेव्हा धरतं तसाच तीन चाकांचा गाडा, फक्त सत्तरीच्या माणसाच्या मापाचा. आदल्या वर्षी तंबाखूच्या रानात बांधावरून पाय घसरला आणि आण्णांचं खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी हाड जुळवलं, पण आधाराशिवाय चालणं काही परत आलं नाही.

"काय आण्णा, बाळसं धरलंय की!" शेजारचा देवाप्पा म्हणाला.

"व्हय रं. औंदा चालतो, फुडच्या वर्साला शाळंत घाला मला," आण्णा म्हणाले, आणि घराच्या पुढच्या सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडखडत गेले.

निपाणीच्या अलीकडे चिकोडीच्या रस्त्याला त्यांचं घर होतं. पुढं रस्ता, मागं मोठं अंगण. अंगणात शेवगा, गोठा, गोठ्यात चांदी नावाची म्हैस. आण्णांचं सगळं आयुष्य त्या अंगणात गेलेलं. तिथंच तंबाखूच्या पानांच्या जुड्या बांधायच्या, तिथंच दाढी, तिथंच माणसं भेटायची. पण मागच्या दाराला वीतभर उंच सागवानी उंबरा होता आणि गाड्याची चाकं त्यावर चढत नव्हती. रोज सकाळी मुलगा भूपाल वडलांना काखेत हात घालून उचलायचा, अंगणात ठेवायचा, मग गाडा आणून द्यायचा. आत यायचं तरी तेच.

आण्णा तक्रार करत नसत. पण एकदा भूपालला बाजारातून यायला उशीर झाला, वरून शिंतोडे सुरू झाले, आणि सून तारामती धावत येऊन त्यांना उचलू लागली. त्या दिवशी आण्णा रात्री जेवताना म्हणाले, "भूपाल, मला पोत्यागत उचलायचं बंद करा. मी माझ्या पायानं आत-भाईर करीन असं कायतरी बघ."

भूपालनं बेळगावात एका बंगल्याला घडीचं दार पाहिलं होतं. चार फळ्या, एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या. ढकललं की दोन इकडं दोन तिकडं दुमडून भिंतीला टेकायच्या आणि आख्खी भिंतच उघडल्यासारखी व्हायची. वर लोखंडी पट्टी, खाली खाच. फळीच्या खालच्या टोकाची खुंटी त्या खाचेतून सरकत जायची. भरमूनं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दार हुतंय. उंबऱ्याचं काय करायचं ते आदी ठरवा. सगळं दार उंबऱ्यावर हाय."

मग घरात उंबऱ्यावरून चर्चा सुरू झाली.

"उंबराच नको," भूपाल म्हणाला. "फरशी सरळ भाईर काढू."

"आणि झड आली की पाणी सरळ आत," भरमू म्हणाला.

"आणि उंबरा न्हाई ते घर कसलं हो?" तारामतीला तर राहवलंच नाही. "ती तंबाखूची वखार झाली! सकाळी हळदीकुंकू मी कुठं व्हायाचं? जमिनीवर?"

"मग हाय असाच उंच ठेवूया," भूपाल चिडून म्हणाला, "आणि आण्णांना उचलूया."

आण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "अरं, भांडताय कशापायी? ज्याचं पाय हाईत त्याला इचारा की. भरमू, फळकुटं आण."

भरमूनं वेगवेगळ्या जाडीची फळकुटं आणून ओळीनं जमिनीवर मांडली. आण्णांनी गाडा धरला. एक बोट जाडीचं फळकूट चाकांना कळलंसुद्धा नाही. दोन बोटांच्या फळकुटाशी गाडा जरा थबकला, आण्णांनी छातीचा जोर दिला, चाकं वर चढून पलीकडं उतरली. तीन बोटांच्या फळकुटाशी मात्र गाडा मागं रेटला गेला आणि भरमूनं पाठ धरली म्हणून बरं.

"दोन बोटं," आण्णा धापा टाकत म्हणाले. "ठरलं."

तेवढ्या उंचीचा काळा दगड आणला. लाकूड नको, भरमू म्हणाला. पाण्यानं फुगतं आणि खाच वाकडी होते. दगड कासवाच्या पाठीसारखा दोन्हीकडं उतरता घडवला, म्हणजे चाक धडकणार नाही आणि पाणी अंगणाकडं ओघळेल. मधोमध खाच, आणि खाचेतलं पाणी जायला अंगणाच्या बाजूला बारीक वाटा. भरमूनं घागरभर पाणी दारावर फेकून पाहिलं. आत थेंब आला नाही. तारामतीनं नव्या उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आण्णा गाड्यासह सर्वांच्या देखत अंगणात गेले. चांदीनं मान वर करून पाहिलं आणि परत कडब्यात घातली.

पुढचे दिवस आण्णांचे होते. ते सकाळी दार दुमडायचे, अंगणात जायचे, मनात आलं की आत यायचे, उगीचच परत बाहेर जायचे. "आवो मामा, दाराची हवा लागली काय?" सून हसून म्हणायची. "लागली गं," ते म्हणायचे.

आणि मग दार अडकू लागलं.

आधी जरा कुरकुरलं. मग ढकलायला जोर लागू लागला. भूपालनं खाचेत गोडं तेल सोडलं. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी आणखी जड. त्यानं आणखी तेल सोडलं. भरमूनं येऊन फळ्या तासल्या. फळ्या चांगल्या होत्या. तरी दार माणूस शिरण्यापुरतंच उघडायचं. गाडा त्यातून जात नव्हता. भूपाल पुन्हा वडलांच्या काखेत हात घालू लागला.

शेवटी भरमूनं हात टेकले. "आण्णा, माझीच चूक. हे दार आपल्याकडचं न्हवं. सोमवारी पहार घिऊन येतो, दगड काढतो. जुना उंबरा ठेवलाय न्हवं? तोच बसवू."

जुना उंबरा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्या रात्री आण्णांना तोच दिसत राहिला.

रविवारी ते पहाटेच जागे झाले. दाराजवळ घोंगड्यावर बसले. एकदा तो दगडी उंबरा डोळे भरून बघून घ्यावा, एवढंच मनात होतं. तारामती आली. तिनं अंगणात सडा टाकला, ओल्या फडक्यानं दगड पुसला. मग बोटांच्या चिमटीतून रांगोळीच्या रेघा ओढल्या. ठिपके दिले, कमळ काढलं, दोन्ही टोकांना स्वस्तिक. पूर्वी एवढी मोठी रांगोळी ती सणालाच काढायची. वर हळद, कुंकू, मूठभर अक्षता. हात जोडून तिनं डोळे मिटले.

खाली बसलेल्या माणसाला जे दिसतं ते उभ्याला दिसत नाही. आण्णांचे डोळे दगडाच्या पातळीला होते. रांगोळीची धार खाचेवरून जाताना निम्मी आत गळत होती. अक्षतांचे दाणे घरंगळत सरळ खाचेत पडत होते.

"तारा," आण्णा हळूच म्हणाले, "आजकाल रांगोळी लई मोठी काडतीस गं."

तारामती लाजली. "दार आडायला लागलं न्हवं मामा. मला वाटलं, आपण जुना उंबरा काडला म्हणून ह्यो रुसला. म्हणून जरा जास्ती करते."

"कवापासनं?"

"पयल्यांदा आडलं तवापासनं."

आण्णांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. ही पोर त्यांच्यासाठीच तर करत होती. "केसातला आकडा दे बघू," ते म्हणाले.

तिनं काही न कळून आकडा काढून दिला. आण्णा पालथे झाले आणि आकड्यानं खाच उकरू लागले. आतून एक लांबट, घट्ट तुकडा निघाला. पांढरा थर, पिवळा, लाल, पुन्हा पांढरा, मधे तांदळाचे दाणे, आणि सगळं भूपालच्या तेलात मळून दगडासारखं झालेलं. पाण्याच्या बारीक वाटाही त्यानंच बुजल्या होत्या.

तारामतीनं तुकडा हातात घेतला. तिचा चेहरा पडला. "म्हंजे मीच..."

"एकटी कशी? तू पीठ घातलंस, भूपालनं तेल घातलं. दोघांनी मिळून बर्फी केलीया."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मग पदर खोचून तीही खाली बसली. भूपाल उठून आला तेव्हा बाप आणि बायको दोघंही पालथे पडून उंबरा कोरत होते.

"काय चाललंय?"

"तुझी बर्फी काडतुया," आण्णा म्हणाले. "पाणी आण."

सोमवारी भरमू पहार खांद्यावर टाकून आला. सोप्यात कुणी नव्हतं, आणि दार दोन्ही बाजूंना दुमडून भिंतीला टेकलेलं होतं. आण्णा शेवग्याखाली बसून चांदीच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत होते.

"पहार कशाला आणलीस रं? छिन्नी आणायची हुतीस."

भरमूला सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "फळ्या तासत बसलो आण्णा मी! खाचेत बोट घालून बघितलंच न्हाई."

मग आण्णांनी काय करायचं ते सांगितलं. उंबऱ्याची पूजा बंद करायची नाही. खाचेच्या बाहेर, अंगणाकडच्या उतारावर, चाकांच्या वाटेतून बाजूला भरमूनं छिन्नीनं दोन कमळं कोरली. रांगोळी, हळदीकुंकू, अक्षता, सगळं तिथं. खाचेत तेल मुळीच नाही. खुंटीला जरासं मेण घासायचं.

आणि खाच झाडायचं काम आण्णांनी स्वतःकडं घेतलं. सकाळी शिराईच्या झाडणीचा बुडखा घेऊन ते उंबऱ्याशी बसत. या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच झाडत, काडीनं पाण्याच्या वाटा मोकळ्या करत. तारामती रांगोळीची वाटी हातात धरून उभी.

"मामा, झालं का? ऊन आलं."

"थांब गं. कोपरा ऱ्हायलाय."

"कालबी त्योच कोपरा ऱ्हायला हुता."

"कोपरा रोजच ऱ्हातो. म्हणून तर रोज झाडायचं."

कोपरा झाला की ते गाड्याला धरून उठत, फळ्यांना हात लावत, आणि फळ्या एकामागून एक दुमडत जात. तारामती कमळं भरून घेई, तोवर आण्णा शेवग्याखाली पोचलेले असत.

एकदा असाच पाऊस भुरभुरू लागला. तारामती चुलीपुढून ओरडली, "मामा, शिंतोडं आलं! चा भाईर आणू, का आत येताय?"

"आत येतो की," आण्णा म्हणाले आणि त्यांनी गाडा वळवला. "मला कोण आडवतंय!"

उंबऱ्याशी गाडा जरा थबकला, मग चाकं वर चढून आत उतरली. चहा कपात ओतून होण्याआधी आण्णा चुलीपुढं हजर होते.