भिंतीकडे तोंड केलेला ढोल

हासिंतोसाहेबांनी चौकात चित्र आणून टेकवलं, तेव्हा चाळीतल्या बायका धुण्याच्या कुंडाशी होत्या. महिनाभर हा चित्रकार कोपऱ्यात बसून चाळ रंगवत होता. कुणी त्याला खुर्ची दिली, कुणी माते, म्हणजे तिथल्या पाल्याच्या चहाचा कडू घोट. मोंतेविदेओ शहरात गरिबाच्या दारातूनही पाहुणा कोरडा जात नाही.

चित्रात सगळं होतं. दोऱ्यांवरचे कपडे, आस्सुंताची मांजर, मोडका जिना. आणि मधोमध कुणीतरी नीकासिओचा ढोल बडवत होता नि पिवळा झगा फिरवत सेफेरिना नाचत होती.

सेफेरिनाच्या अंगाची लाही लाही झाली. नीकासिओ, तिचा नवरा, हिवाळ्यात बंदरावर माल उतरवताना गेला. तेव्हापासून त्याचा ढोल चौकात भिंतीकडे तोंड करून होता. वर्ष सरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, कुठल्याच ढोलाची कातडी तापवून ताणायला चौकात जाळ करायचा नाही, हे शेंबडी पोरंही पाळत होती. आणि तिचा काळा झगा या माणसाने महिनाभर रोज पाहिला होता. डोळे होते की कवड्या?

"मी कधी नाचले, साहेब?"

"अगं, चित्र आहे ते. काळ्या रंगाने चौक मेल्यासारखा दिसत होता."

"माझा माणूस मेलाच आहे. काळा रंग द्या."

"आता विकलं गेलं. लोकांना हसती-खेळती चाळ आवडते."

"म्हणून विधवेला नाचवाल?" शेजारची आस्सुंता चादर पिळत म्हणाली. "मग माझ्या सासूला मिशाही काढा, लोक आणखी हसतील."

कुणीच हसलं नाही. साहेब मात्र हसले. "उद्या दुसरं काढायला येतो. त्यात हवं तर काळ्यात बस," असं म्हणाले, जणू रडत्या पोराच्या हातावर खाऊ ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी ते रंगांची पेटी घेऊन आले. चाळीत धुणं रोजचंच, तरी दोऱ्या रिकाम्या होत्या. कुंड कोरडं. सगळी दारं बंद, मांजरसुद्धा आत कोंडलेली. बसायला खुर्ची नव्हती. साहेबांनी एकेकाला नावाने हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. चौकात तेवढा नीकासिओचा ढोल होता, भिंतीकडे तोंड करून.

बऱ्याच वेळाने सेफेरिनाची खिडकी बोटभर उघडली.

"काढा, साहेब," ती म्हणाली. "आज जेवढं दिसतंय, तेवढंच काढा."