नमिताचं मिनिट

वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर योगेंद्रचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच्या हाताला यश आहे असं सगळा नाका म्हणत असे. त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्यांनी हात टेकलेली यंत्रं तो संध्याकाळपर्यंत सुरू करून द्यायचा, आणि गिऱ्हाईक आभार मानू लागलं की मान खाली घालून स्क्रू गोळा करायचा. लोकांना तो विनय वाटे. त्याला मात्र त्या वेळी हसू आवरायचं असे.

कारण प्रत्येक यंत्रातून तो एक वस्तू काढून घ्यायचा. एकच. कुणाच्या साखरपुड्याचा फोटो, कुणी लिहून न पाठवलेलं पत्र, एका वकिलाने चोरून केलेल्या कविता. मूळ जागेवरून ती पुसायची आणि स्वतःच्या कुलूपबंद फोल्डरात ठेवायची. त्याला त्या विकायच्या नव्हत्या की कुणाला धमकवायचं नव्हतं. दुपारी डबा खाताना तो त्यातलं काहीतरी उघडून बसे, आणि ज्याची ती वस्तू, तो आता जन्मभर शोधत राहणार, या विचाराने त्याला दोन घास जास्त जात. बायको प्रेरणा आणि सहा वर्षांची गुंजन यांच्यावर मात्र त्याचा फार जीव. नीच माणसाकडेही दाखवायला एवढं एक असतंच.

२००६ सालच्या दिवाळीनंतर, एका सोमवारी सकाळी, यशोदाबाई दुकानात आल्या. आष्टीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा वीस वर्षांपूर्वी गेलेला. एसटीने दोन-अडीच तास त्यांनी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर धरला होता आणि टेबलावर ठेवल्यावरही त्यांचा हात त्यावरून निघत नव्हता.

"सुरू काऊन होत नाई, एवढं पाहा भाऊ," त्या म्हणाल्या. "दसऱ्याले पूजा केली होती. नमी करायची दरवर्षी, म्हणून म्या केली. हळद-कुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. ते आत गेलं असंल."

योगेंद्रने मागची जाळी पाहिली. तिच्यावर कुंकवाचा ओघळ वाळला होता.

नमी म्हणजे नमिता, त्यांची एकुलती एक मुलगी. आर्वीला एका कॉलेजात शिकवायची, तिथेच खोली करून राहायची. श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. जाण्यापूर्वी आईला फोनवर म्हणाली होती, तुझ्या वाढदिवसासाठी घरच्या कॉम्प्युटरात एक गंमत ठेवली आहे, कुलूप लावून ठेवली आहे, मी येऊन उघडीन.

"तिचा आवाज आहे त्यात," यशोदाबाई म्हणाल्या. "फोटो लय आहेत जी. चेहरा दिसते. पण आवाज आता डोक्यात येत नाई. पहिले यायचा. म्या आठवून पाहते, तर दुसऱ्याच कोण्या बाईचा येते."

"पाहतो मावशी. गुरुवारी येजा."

डब्यात पाण्याने फक्त वीज पुरवणारा भाग गेला होता. डिस्क ठणठणीत होती. योगेंद्रने ती आपल्या यंत्राला जोडली, नमिताच्या फोल्डरवर बोट दाबलं, आणि नेहमीची पाटी आली: परवानगी नाही. यावरचा उपाय त्याला पाठ होता. असं कुलूप तोडायचं नसतं, त्याचा मालक बदलायचा असतो. मालकाच्या रकान्यातलं नमिताचं नाव काढून त्याने स्वतःचं घातलं. यातल्या सगळ्याची मालकी तुम्ही घेता का, असं यंत्राने विचारलं. घेतो, असं त्याने दाबलं.

आत एकच फाइल होती. त्या वेळच्या कॉम्प्युटरात आवाज मुद्रित करायची जी सोय येई, तिच्यात साठ सेकंदांच्या वर काही मावत नसे. नमिताची फाइलही बरोबर साठ सेकंदांची होती.

"आई, तू म्हणते ना, की नमे, तू फोन लवकर ठेवते. घे, आज पूर्ण एक मिनिट बोलते. मधे बोलायचं नाई." मग ती हसली. खिडकीखाली संत्रीवाला उभा आहे, त्याची घासाघीस चालली आहे, मी हिरवी साडी नेसले आहे, तुला आवडत नाही तीच, असं काहीबाही बोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं मिनिट. ठेवते."

एकच फाइल म्हटल्यावर ती परत द्यावी, असं कोणालाही वाटलं असतं. योगेंद्रला वाटलं की, इतकी पूर्ण वस्तू आजवर हाती लागली नव्हती. त्याने ती उचलून आपल्या फोल्डरात ठेवली आणि नमिताच्या डिस्कवरून पुसली.

गुरुवारी यशोदाबाई आल्या तेव्हा तो त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "काही निघालं नाई मावशी. पाणी गेलं ना आत. सगळं पुसून गेलं."

"म्हणजे म्या पूजा केली म्हणून?"

नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी फाइल त्याचीच राहिली असती.

"हो," तो म्हणाला. "त्यानंच."

त्या बराच वेळ गोधडीची घडी घालत राहिल्या. चार कोपरे जुळेनात. मग डबा इथेच राहू द्या, घरी नेऊन मी काय करू, असं म्हणाल्या, गोधडी तशीच डब्यावर टाकली आणि आष्टीच्या गाडीला निघून गेल्या.

त्या दुपारी जेवणाचा डबा उघडून योगेंद्रने नमिताचं मिनिट पुन्हा ऐकलं, आणि सुरुवातीचं "आई" त्याला ऐकू आलं नाही. आवाज "तू म्हणते ना" पासून सुरू झाला. "ठेवते" च्या नंतर, जिथे काही नव्हतं तिथे, एक छोटा स्वच्छ शब्द होता: "बाबा." फाइल साठ सेकंदांचीच होती.

संध्याकाळी तो घरी गेला. गाडीचा आवाज ऐकून गुंजन रोजच्यासारखी फाटकापर्यंत धावत आली, तिने तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. बाकी सगळं ती बोलली, शाळेतलं, मैत्रिणीचं, जेवताना भाजी नको म्हणून भांडली. फक्त तो एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता.

"घसा बसला असंल," प्रेरणा म्हणाली. "बोरं खाल्ली तिनं."

पुढच्या पंधरा दिवसांत गुंजनचे शब्द एकेक करून गेले. "भाजी" गेला, "पाणी" गेला, "आई" गेला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं आणि घसा उत्तम आहे असं सांगितलं. जो शब्द सकाळी घरातून गेला, तो दुपारी फाइलच्या शेवटी सापडे, आणि तेवढी नमिता पुढून कापली जाई. हसणं गेलं, संत्रीवाला गेला, हिरवी साडी गेली. योगेंद्रने तीन दिवस फाइलला हात लावला नाही, तरी ती थांबली नाही. मग त्याने ती पुसायला घेतली. परवानगी नाही, अशी पाटी आली. मालकाला विचारा. मालकाच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी गुंजन पाटीवर लिहून दूध मागू लागली. दुकानात फाइल उघडली तर नमिताचा एकच शब्द उरला होता, अगदी सुरुवातीला: "ठेवते." बाकी सगळी गुंजन होती. योगेंद्रने फाइल बंद केली. ज्याचं त्याला देऊन टाकलं तर पोरीचंही पोरीला परत मिळेल, असं त्याने मनाशी धरलं. दुसरं धरण्यासारखं काही नव्हतंही. त्याने डब्यात नवा भाग बसवला, फाइल जिथून काढली होती तिथे नेऊन ठेवली, डबा त्याच गोधडीत गुंडाळला आणि आष्टीची गाडी पकडली. पूर्ण रस्ताभर तो डबा त्याने मांडीवर घट्ट धरला होता.

यशोदाबाईंनी दार उघडलं. त्या दुबळ्या झाल्या होत्या.

"निघाली मावशी," तो म्हणाला. "एक फाइल निघाली."

नमिताच्या टेबलावर त्याने तारा जोडल्या, स्पीकर लावले आणि फाइल सुरू केली. "ठेवते" नव्हतं. पहिल्या सेकंदापासून गुंजन बोलत होती. बाबा, पाणी, भाजी नको, बाबा, माझी पेन्सिल, आई, बाबा. साठ सेकंद.

यशोदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. आता त्या म्हणतील, ही माझी नमी नव्हे, आणि मग सगळं सांगावं लागेल, असं योगेंद्रला वाटलं. आणि सांगून टाकावं असंही, त्या मिनिटापुरतं, खरंच वाटलं.

"हेच," त्या म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "हाच आवाज. लहानपणचा आहे जी. कवा भरून ठेवला होता पोरीनं. ऐकलं? बापाले हाक मारून राह्यली."

लहानपणी घरात कॉम्प्युटर कुठला होता, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. योगेंद्रने तोंड उघडलं. ही माझी पोर आहे, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग माझी कुठे आहे?

"होय," तो म्हणाला. "लहानपणचाच."

"तुमचे लय उपकार झाले भाऊ. म्या रोज स्वतःले शिव्या देत होती, का माह्या हातानं गेला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता याले कुलूप लावून द्या. माह्या नावाचं. कोणी नेऊ नाई शकलं पाहिजे. तुमीबी नाई."

त्याने मालकाच्या रकान्यात आपलं नाव काढून यशोदाबाईंचं घातलं. बोटं एकदाही चुकली नाहीत. त्याच्या हाताला यश होतं. पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि वर्गातल्या पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "तोंड फिरवा तिकडं."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मागे एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर उमटत राहिलं. ते संपल्यावर त्यांनी फाइल पुन्हा सुरू केली, आणि तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत त्याला मागून हाक ऐकू येत होती. प्रत्येक हाकेला तो वळत होता.

वर्ध्याला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. गुंजन फाटकाशी उभी होती. तिला पाहून तो धावला, खाली बसला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "म्हण," तो म्हणाला. "एकदा म्हण."

तिचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. शब्द त्याला बरोबर कळला. त्याने डोळे मिटून तो तिच्या आवाजात आठवून पाहिला, आणि दुसऱ्याच कुण्या पोरीचा आवाज आला.